आलमूतचा मास्तर आणि हशिशची दंतकथा

उत्तर इराणमधल्या आलमूतच्या किल्ल्यावर १०९० साली एक अनोळखी माणूस राहायला आला. देहखुदा असं नाव सांगून तो मुलांना शिकवू लागला आणि किल्लेदाराला सुगावा लागेपर्यंत शिबंदीतली बरीच माणसं त्याची झाली होती. तो हसन-ए-सब्बाह, इस्माइली पंथाचा प्रचारक. तीन हजार दिनारांची हुंडी देऊन त्याने किल्लेदाराला वाटेला लावलं. रक्ताचा थेंबही सांडला नाही. पुढे त्याच्या शब्दाखातर फिदाई, म्हणजे त्याचे जिवावर उदार मारेकरी, मरायला निघत. ही निष्ठा कशातून आली? युरोपने मार्को पोलोचं उत्तर उचललं: तरुणांना गुंगीचं पेय पाजून रम्य बागेत ठेवायचं आणि मग त्या स्वर्गाची लालूच दाखवायची. हे पेय हशिशचंच, असं १८०९ मध्ये सिल्व्हेस्त्र द सासी या फ्रेंच पंडिताने मांडलं. मला हे उत्तर मुळीच पटत नाही. परक्यांची श्रद्धा समजून घेण्याचे कष्ट टाळण्यासाठी ते रचलं गेलं.

सर्वांत भक्कम साक्ष शत्रूची आहे. मंगोल हुलागूच्या पदरी असलेल्या जुवैनीने १२५६ साली आलमूत पडल्यावर तिथलं ग्रंथालय चाळलं, काही पोथ्या ठेवल्या आणि पंथाच्या पोथ्या जाळल्या. ग्रंथच जळाले, मग पुरावा मिळणार कुठून, असं कोणी म्हणेल. पण जाळण्याआधी त्याने ते वाचले आणि त्यांच्या आधारे इतिहास लिहिला. इस्माइलींचा त्याला मनस्वी तिटकारा. बागेचा किंवा अमली पेयाचा धागा हाती लागता तर तो त्याने सोडला नसता. उलट तोच लिहितो, की दारू प्यायल्याच्या आरोपावरून हसनने पोटच्या मुलाला देहदंड दिला. पोलो त्या मुलखातून गेला तो किल्ला पडल्यानंतर, म्हणजे त्याची हकिगत सगळी ऐकीव. राहिला ‘हशिशी’ या नावाचा मुद्दा. बाराव्या शतकात कैरोच्या फातिमी दरबाराने एका लेखात विरोधी इस्माइलींना ते नाव ठेवलं. ती नुसती शिवी होती, नशा केल्याचा आरोप त्या लेखातही नाही. शिवाय वेश पालटून महिनोन् महिने दबा धरायचा, नेमकी वेळ साधायची, हे काम झिंगलेल्या माणसाचं नव्हे.

हसनची खरी ताकद शिकवणीत होती. प्रत्येक काळात सत्याचा अधिकारी शिक्षक हवाच, हा त्याचा सिद्धान्त सेल्जुक तुर्कांच्या अमलाला कंटाळलेल्या लोकांच्या मनाला भिडला. त्याने हत्या घडवल्या, हे मात्र झाकता येत नाही. हशिशची कथा खरी मानली तर मारेकरी बाहुली ठरतात आणि त्यांची जबाबदारीही पुसली जाते. या कथेचा बराचसा निकाल मुंबईत लागला. १८६६ साली आगाखान खटल्यात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी इथल्या खोजा इस्माइलींच्या इमामाचं घराणं आलमूतच्या गादीशी जोडलं. त्यानंतर ऐंशी वर्षांनी व्लादिमीर इव्हानोव्ह या रशियन अभ्यासकाच्या पुढाकाराने याच शहरात इस्माइली सोसायटी स्थापन झाली, आणि घराघरांत जपलेल्या पोथ्या छापून येऊ लागल्या. आठशे वर्षं इतरांनी ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांचंच म्हणणं वाचायची सोय त्यामुळे झाली.