हाली नोटेचं कूळ

वडीगोद्री आज जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर. पण तिथल्या एखाद्या घरी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या खरेदीखताच्या घडीत पिवळी पडलेली नोट निघाली, तर हा आजचा पत्ता कामाचा नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि निजामाचा रुपया वेगळा होता. उसनवारी असो की जमिनीचा सौदा, रक्कम हालीत की कलदारात हे आधी ठरवावं लागे. हाली म्हणजे हैदराबादचा उस्मानिया शिक्का, कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया. सात हालीला सहा कलदार, असा ढोबळ हिशेब. म्हणून नोट विकायला निघालेल्याने भाव विचारण्याआधी ती कोणत्या सरकारची, हे पाहावं.

संस्थानांनी कागदी पैसा काढणं इंग्रजांना मुळीच रुचत नसे. आपल्या मुलखात त्यांनी १८६१ च्या कायद्याने नोटांचा मक्ता सरकारकडे घेतलाच होता. हैदराबादनेही सावकारांना एकत्र आणून नोटा काढणारी पेढी उभी करण्याचा खटाटोप केला होता, पण तो फसला. मग पहिलं महायुद्ध आलं, चांदी महागली, रुपये पाडायला धातू पुरेना. खुद्द इंग्रज सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली. निजामाने युद्धात सढळ हाताने मदत केली होती. त्याला आता नाही म्हणणं अवघड होतं. १९१८ मध्ये हैदराबादचा चलन कायदा झाला आणि दहा व शंभर रुपयांच्या नोटा आल्या. पुढच्या वर्षी एक आणि पाचाच्या आल्या, १९२६ मध्ये हजाराची. थोडक्यात, ही नोट चांदीच्या टंचाईची लेक.

नोटेवर उर्दूचा मान मोठा, पण जोडीला मराठी, तेलुगू आणि कन्नडही आहे. साल फसली कालगणनेतलं असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती येतं. १३२७ फसली म्हणजे १९१७-१८. हा हिशेब ठाऊक नसलेले लोक नोट सातशे वर्षांपूर्वीची समजून हरखतात.

सुरुवातीच्या नोटा विलायतेहून छापून येत. त्यातला एक माल मुंबईला पोचलाच नाही. लंडनहून निघालेलं 'इजिप्त' हे जहाज २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडालं. पोटात सोनं होतं, चांदी होती आणि निजामाच्या नोटांचे गठ्ठेही होते. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोनं वर काढलं, तेव्हा त्याबरोबर या नोटाही आल्या. डागाळलेल्या, कडा झिजलेल्या, सहीसुद्धा नसलेल्या. व्यवहारात त्यांची किंमत शून्य. संग्राहक मात्र त्यांच्यासाठी पैसे मोजतात, कारण त्या बुडालेल्या जहाजातल्या आहेत. पुढे नाशिकला नोटांचा छापखाना झाला आणि हैदराबादच्या नोटा तिथे छापल्या जाऊ लागल्या.

एरवी संग्राहक डागाला माफ करत नाहीत. नोट हातात आली की आधी घड्या बघतात, मग उजेडात धरून जलचिन्ह. गठ्ठा शिवताना पडलेली डावीकडची बारीक भोकं चालतात; फाटक्या जागी लावलेली चिकटपट्टी चालत नाही. इस्त्री फिरवून किंवा धुऊन नोट 'नवी' करणाऱ्याने तर आपल्याच हाताने भाव पाडलेला असतो. त्यानंतर सही. एकच छपाई, एकच रक्कम, तरी सही बदलली की मागणी बदलते. हाली नोटांवर गुलाम मुहम्मद यांची सही सापडते, जे पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. झाहिद हुसेन यांचीही सापडते, ते पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. निजामाच्या खजिन्यातून पाकिस्तानच्या तिजोरीकडे गेलेली ही वाट मला तरी नोटेवरच्या नक्षीपेक्षा जास्त रंजक वाटते.

१९५० च्या दशकात हाली चलन मागे घेतलं गेलं. लोकांनी नोटा बदलून घेतल्या, सरकारजमा झालेला कागद नष्ट झाला. गावात उरल्या त्या विसरलेल्या, नाहीतर कागदपत्रांत दडलेल्या. त्यातही दुसऱ्या महायुद्धातली एक रुपयाची नोट बरीच आढळते, हजाराची क्वचितच. नुसत्या वयाने भाव येत नाही.

हाली नोटेपेक्षा गावात जास्त सापडतात त्या स्वातंत्र्यानंतरच्या एक, दोन, पाच रुपयांच्या मळक्या नोटा, आणि मोबाइलवर येणारी '७८६ क्रमांकाच्या नोटेला लाखो रुपये' ही जाहिरात. त्यात आधी नोंदणीचे, मग कराचे म्हणून पैसे मागतात. आपल्या नावाने असं काही चालतं ते खोटं आहे, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. खरा खरेदीदार आगाऊ पैसे मागत नाही, तो नोट बघायला मागतो. आणि ट्रंकेत २०१६ ला रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा असतील, तर २०१७ च्या कायद्याने दहापर्यंतच ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा चलनसंग्रहासाठी पंचवीस.