वायफायची रांग

व्हिडिओ अडकला की आपण इंटरनेटवाल्याला शिव्या देतो. पण बऱ्याचदा खरी मारामारी घरातल्याच हवेत चाललेली असते, आणि तिची मुळं थेट हवाई बेटांवर सापडतात!

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि मंडळींनी बेटांवरची टर्मिनल्स रेडिओने मुख्य कॉम्प्युटरला जोडली. त्याचं नाव अलोहानेट. नियम सोपा: मनात आलं की पाठवा, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा पाठवा. अशाने चॅनेलची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते. टायपिंगपुरतं ठीक.

१९९७ चं ८०२.११ जरा शहाणं. आधी ऐका, मग बोला. वेग मात्र २ एमबीपीएस. १९९९ मध्ये ८०२.११बी ११ वर गेलं, पण हे ११ खोक्यावरचे. वाट बघण्यात आणि पोचपावत्यांत निम्मे खर्च व्हायचे. डीव्हीडीचा व्हिडिओ ९.८ पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे गणित तिथेच फसलं.

खरी गंमत २००३ साली ग्रनोबलच्या संशोधकांनी दाखवली. वायफाय प्रत्येकाला सारखी पाळी देतं, सारखा वेळ नाही. १५०० बाइटचं पाकीट ११ एमबीपीएसला साधारण १ मिलिसेकंदात जातं, १ एमबीपीएसला १२. तिकीट खिडकीवर एक आजोबा चिल्लर मोजत बसले की मागचे सगळे ताटकळतात ना, तसंच! लांबच्या खोलीत एकच मंद लॅपटॉप असला तरी राउटरशेजारच्याचा वेगही १ च्या खाली येतो. याला न्याय म्हणायचं? मला नाही पटत. वेळ सारखा वाटणारी दुरुस्ती लिनक्समध्ये यायला २०१७ उजाडलं, तीही मोजक्या ड्रायव्हर्सपुरती.

मधे २००५ साली ८०२.११ई आलं. आवाज, व्हिडिओ, साधा आणि फुटकळ अशा चार रांगा. कागदावर झकास! पण पाकिटावर शिक्का हवा. इंटरनेटवरून येणारा बराचसा व्हिडिओ बिनशिक्क्याचा, मग उभा साध्याच रांगेत. असो.

शेवटी व्हिडिओवाल्यांनीच पळवाट काढली. २००९ साली अ‍ॅपलच्या एचएलएसने व्हिडिओचे तुकडे केले, प्रत्येक तुकडा कमीजास्त दर्जाचा ठेवला आणि पुढचे आधीच साठवायला घेतले. वेग पडला की चित्र धूसर होतं, पण सिनेमा चालू राहतो.

व्हिडिओ कॉलला मात्र ही युक्ती लागू नाही. समोरचा अजून बोललेलाच नाही, तर साठवणार काय? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरातले चार कॉल एकदम त्याच जुन्या रांगेत उभे राहिले.