कॉटर, बत्ता आणि फ्रेंच पुलर

मागच्या शनिवारी बाबांची सायकल टेम्पोत घालून सांगलीहून पुण्याला आणली. बावीस इंची, काळी, १९८४ साली घेतलेली. निवृत्त होईपर्यंत बाबा रोज हिच्यावरूनच ऑफिसला गेले. आता डावं पायडल दर फेरीला एकदा ‘टक्’ करत होतं. बाबा म्हणाले, "कॉटर गेलाय." जवळच्या दुकानात नेली तर उत्तर मिळालं, "गंजून बसलाय साहेब, निघणार नाही. क्रँक कापून नवा सेट टाकू."

म्हणजे ढिलाही झालाय आणि निघतही नाही! सॉफ्टवेअरवाल्यांना असले प्रकार नवीन नाहीत म्हणा. पण बाबांची सायकल कापायची कल्पना काही पचेना. तशीच हातात धरून परत आणली आणि आधी हा कॉटर म्हणजे काय प्रकरण आहे ते वाचायला बसलो.

कॉटर ही करंगळीहून बारीक पोलादी खुंटी, साडेनऊ मिलिमीटर जाडीची. एका बाजूने तिरपी तासलेली, टोकाला आटे आणि नट. क्रँक अ‍ॅक्सलवर सरकवायचा आणि क्रँकच्या आरपार भोकातून ही खुंटी ठोकायची. तिची तासलेली बाजू अ‍ॅक्सलवरच्या खाचेला भिडून घट्ट बसते. थोडक्यात, पाचर. गंमत म्हणजे नटाचं काम फक्त राखणदाराचं. खुंटी बसते ती ठोकून. नट आवळून तिला ओढायला जाल तर आटेच जातात. (हे मी करून पाहिलं नाही, असं खोटं सांगणार नाही.)

ही युक्ती मुळात सायकलवाल्यांची नाही. वाफेच्या इंजिनांचे दांडे जोडायला कॉटर आधीपासून वापरात होता. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली कोव्हेंट्रीत ‘रोव्हर’ आणली, चेनने मागचं चाक फिरवणारी. तिच्या यशानंतर सायकलींचे कारखाने जोरात निघाले आणि कॉटर तिथे रुळला. खुंटी स्वस्त. झिजली की फेकून द्यायची, महागडे भाग शाबूत. पुढे सोनीपतच्या अ‍ॅटलासने (१९५१) आणि लुधियानाच्या हीरोने (१९५६) त्याच इंग्रजी घाटाच्या काळ्या सायकली बनवल्या, म्हणून हा कॉटर आपल्या गावोगावी पोचला.

आता दुसरी बाजू. १९३३ साली फ्रान्समधल्या सेंट एटिएनच्या स्ट्राँगलाइट कंपनीने कॉटरच काढून टाकला. अ‍ॅक्सलचं टोक चौकोनी आणि निमुळतं, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक बोल्टने दाबून बसवायचा. वजन कमी, ठोकाठोकी नाही, इंजिनियर म्हणून बघितलं तर शंभर टक्के सरस. पण दाबून बसलेला क्रँक काढायचा कसा? त्यासाठी पुलर नावाचं खास हत्यार, ते क्रँकच्या आट्यांत फिरवून बसवायचं. आणि हे आटे सगळ्यांचे सारखे नव्हते! बहुतेकांचे २२ मिलिमीटर, टीए या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचे २३, आणि स्ट्राँगलाइटचे स्वतःचे २३.३५. चुकीचा पुलर लावला की मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे साफ. मग लोक काय करायचे, तर बोल्ट ढिला करून क्रँक आपणहून निखळेपर्यंत सायकल चालवायचे. क्रँक निखळायचा, पण त्याचं चौकोनी भोकही कामातून जायचं. फाइल आपली, उघडायचं सॉफ्टवेअर मात्र कंपनीचं... ओळखीचं वाटतंय ना?

म्हणून मी आपला कॉटरच्या पार्टीत. तो गावंढळ आहे, पण त्याला कुणाची खास किल्ली लागत नाही. जे लागतं ते घरात असतं.

फक्त ते नीट वापरावं लागतं. माझी पहिली चूक म्हणजे घरातली छोटी हातोडी. तिच्या बारीक ठोक्यांनी खुंटी हलत नाही, उलट टोक चेपून भोकापेक्षा जाड होतं आणि मग खरंच ड्रिल मारायची वेळ येते. दुसरी गोष्ट, खालून आधार नसेल तर दणका अ‍ॅक्सलमधून छर्‍यांवर जातो आणि छर्रे कपांत खड्डे पाडतात. सुदैवाने चौथ्या ठोक्याला बाबांनीच थांबवलं.

रात्रभर डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं. पूर्वी रॉकेल असायचं, आता घरात नसतंच. हे डब्ल्यूडी-४० सुद्धा १९५३ साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवलं, आणि ते वापरलं गेलं अ‍ॅटलासवर. सायकल नव्हे, क्षेपणास्त्र! असो.

रविवारी सकाळी सगळे पार्किंगमध्ये. मोडक्या लोखंडी खाटेच्या पायाचा पाईप बरोबर जमिनीपासून क्रँकपर्यंतच्या उंचीचा कापून घेतला. कॉटरचं जाड टोक पाईपच्या तोंडात खाली, आट्यांचं टोक वर. वॉचमनकाकांनी सायकल धरली. आणि हातोडीच्या जागी आईचा लोखंडी बत्ता, दोन किलोचा तरी असेल. "धुऊन द्या हं नंतर," आईने वरून बजावलं.

"दहा फटके नकोत," प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून बाबा म्हणाले, "एकच घाल. पण मनापासून."

घातला. पाईपच्या आत टण्ण करून काहीतरी पडलं. क्रँक हाताने सुटून आला, एक ओरखडा नाही. नवे कॉटर सायकल मार्केटमधून आणले, अगदी किरकोळ पैशांत, आणि जोडी बदलायची म्हणून उजवाही काढून टाकला. दोन्ही बसवून दिमाखात उभा राहिलो.

बाबांनी पायडल एकदा फिरवून बघितलं. "एक उलटा घाल," ते म्हणाले. दोन्ही पाचरी परस्परविरुद्ध दिशेने बसवल्या नाहीत तर पायडलं एका रेषेत येत नाहीत. माझी येत नव्हती. आईचा बत्ता तेवढ्यात धुऊन झाला होता, तो पुन्हा मागायला जिना चढलो.