द्राक्षारस, बिशप आणि पंडिता रमाबाई

शारजा म्हटलं की आपल्या पिढीला १९८६ चा मियाँदादचा तो षटकार आठवतो. इथे राहणाऱ्यांना मात्र आधी आठवते ती दारूबंदी! सात अमिरातींत ती फक्त शारजातच आहे. तरीही दारूवरचा सर्वांत रंगलेला वाद मी ऐकला तो इथल्याच औद्योगिक क्षेत्रात, एका गोदामात सॉफ्टवेअर बसवायला गेलो असताना. वाद घालणारे दोघेही न पिणारे. एक आपले नगरकडचे मराठी ख्रिस्ती स्टोअरकीपर, दुसरे केरळचे बाप्टिस्ट अकाउंटंट. प्रश्न असा, की चर्चमधल्या प्रभुभोजनाला वाईन द्यावी की न आंबवलेला रस? अकाउंटंटसाहेबांच्या मते वाईन म्हणजे पापच. "आमच्या मराठी बायबलात द्राक्षारस लिहिलंय, मग भांडण कुठलं?" असं म्हणून आपले नगरकर मोकळे झाले.

हा वाद तसा जुना. १८६९ साली न्यू जर्सीतल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढली, ती चर्चसाठीच. पुढे दारूबंदीची चळवळ फोफावली आणि अमेरिकेतल्या बाप्टिस्ट, मेथडिस्ट चर्चमधून वाईन जवळजवळ हद्दपार झाली. पण पेल्यात काय आहे यापेक्षा ते ठरवायचं कोणी, हीच खरी मेख आहे. आणि ती आपल्या एका मराठी बाईंनी फार लवकर ओळखली होती.

अमेरिकेत एम.एस. करताना लायब्ररीत पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार हाती लागला. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये काढला. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, पती निवर्तलेले, परका देश आणि आसरा अँग्लिकन जोगिणींच्या मठाचा. अशा स्थितीत कोणीही मान डोलावली असती. बाईंनी प्रश्न विचारले! त्रैक्याचा सिद्धांत का मानायचा? क्रूसावरचा मजकूर लॅटिनमध्येच कशाला, संस्कृतात का नको? शाकाहार त्यांनी सोडला नाही, तर सिस्टर जेराल्डिनना त्यात जातीचा अभिमान दिसला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या पुरुषांना शिकवतील या शंकेने हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. मनोरमेला कोणतं धर्मशिक्षण द्यायचं यावरूनही खटके उडाले. १८८५ च्या एका पत्रात बाईंनी स्पष्ट कळवलं, की भटजींचं जोखड नुकतंच महत्प्रयासाने उतरवलंय, आता पाद्र्यांचं दुसरं मानेवर घेणार नाही.

गंमत अशी, की बाई स्वतः काही कमी कडक नव्हत्या. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे फ्रान्सिस विलार्ड यांच्या मद्यपानविरोधी ख्रिस्ती महिला संघात शिरल्या. संघाने त्यांना हिंदुस्थानासाठी व्याख्यात्या नेमलं. बिशपची आज्ञा न ऐकणारी बाई न पिण्याची शपथ आनंदाने घेते, कारण ती तिने स्वतः निवडलेली असते. मला तरी यात विसंगती दिसत नाही.

१८८७ अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे त्रैक्य न मानणारे युनिटेरियन, तर पदाधिकारी निरनिराळ्या पंथांचे. पैसा सगळ्यांचा, हुकूम कोणा एकाचा नाही. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. मुलींवर धर्म लादायचा नाही, ही अट होती. पण आपल्या प्रार्थनेला मुली येऊन बसल्या तर त्यांना हाकलून द्यायलाही बाई तयार नव्हत्या. तेव्हा पुण्यात 'केसरी'ने झोडपलं, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाहेर पडले. म्हणजे मिशनऱ्यांना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत आणि पुणेकरांना जरा जास्तच!

नगरकरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या टिळकांचं विसरलात." खरंच की. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये, ते गेले.