थंड हवा आणि राबणारे हात

वैशाखात मिरजगावचे रान तापू लागले, की ज्यांना जमते ते मित्रपरिवारासह चार दिवस महाबळेश्वरी विसाव्यास जातात. १८२९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला व वाई भागातील खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा मिळवली. पेठ ‘माल्कमपेठ’ म्हणून ओळखली गेली. गोऱ्या साहेबांचा उन्हाळा सुखाचा व्हावा म्हणून तेथील रस्त्यांवर खपले ते मात्र चिनी व मलायी कैदी. बटाटा व इतर भाज्यांची लागवडही त्यांच्याच श्रमांनी तेथे वाढली. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला.

वाचकहो, पेठेस साहेबांचे नाव लाभले. पुढच्या सुट्टीत त्या गार वाटेवर चालताना राबणाऱ्या हातांचेही स्मरण असावे.