डिकन्सचीं कूट्सबाईंस पत्रें : एकतर्फी दफ्तराचा विचार

इंग्लिश कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यानें ३ सप्टेंबर १८६० रोजीं गॅड्स हिल येथील आपल्या निवासस्थानीं सुमारें वीस वर्षांत आलेलीं पत्रें जाळून टाकलीं. जुनीं दफ्तरें चाळण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस हें वाचून काय वाटेल तें निराळें सांगावयास नको.

त्या होळींत अँजेला बर्डेट-कूट्स (१८१४–१९०६) यांचींहि पत्रें गेलीं असलीं पाहिजेत. या बाई पेढीवाले टॉमस कूट्स यांची नात. १८३७ सालीं आजोबांच्या विधवेकडून त्यांस सुमारें १८ लक्ष पौंडांचा वारसा मिळाला. त्याचा फार मोठा भाग त्यांनीं दानधर्मांत वेंचिला. बाईंनीं मात्र डिकन्सचीं पत्रें जपलीं. त्यांचा मोठा संग्रह न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत आहे. १९३१ सालीं निवडक पत्रें व १९५२ सालीं एडगर जॉन्सन यांचा विस्तृत संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे जावक शाबूत, आवक नष्ट.

यामुळें एक ग्रह दृढ झाला आहे कीं, बुद्धि डिकन्सची व पैसा तेवढा बाईंचा. आम्हांस तो मान्य नाहीं. २६ मे १८४६ च्या प्रदीर्घ पत्रांत पतित व निराश्रित स्त्रियांसाठीं आश्रमाची योजना डिकन्सनें मांडली, हें खरें. कॅप्टन मॅकोनॉकी याची गुणपद्धति तेथें लागू करावी, सुधारलेल्या मुलींस वसाहतींत पाठवावें, ही कल्पनाहि त्याचीच. १८४७ च्या नोव्हेंबरांत शेफर्ड्स बुश येथें 'युरेनिया कॉटेज' उघडलें. परंतु पुढील पत्रें बारकाईनें पाहावीं. परदेशीं गेलेल्या मुलींस विवाहाची आशा दाखवावी कीं नाहीं, या प्रश्नावर डिकन्स पानेंच्या पानें समर्थन करितो. १८५६ सालीं मुलींच्या कपड्यांस थोडा रंग असावा, एवढ्यासाठीं तो कळकळीनें लिहितो. हरकत आल्यावांचून इतकें समर्थन कोण करील? पूर्वपक्ष लुप्त झाला तरी उत्तरपक्षावरून तो ओळखितां येतो; शास्त्रग्रंथ वाचणारांस ही रीत परिचित आहे. बाई हिशेब पाहणाऱ्या, धर्मनिष्ठ व स्वतःच्या मताच्या होत्या, हें या पत्रांवरूनच ठरतें.

तथापि अनुमान तें अनुमानच. बाईंचे शब्द काय होते, हें त्यावरून सांगतां यावयाचें नाहीं, आणि चरित्रकारांनीं ते त्यांच्या तोंडीं घालूं नयेत. डिकन्स प्रत्येक मुलीची हकीगत ज्या वहींत टिपून ठेवी, तीहि नाहींशी झाली आहे. ती हानि आम्हांस पत्रांच्या होळीइतकीच मोठी वाटते. कारण त्या मुलींची बाजू इतर कोठें फारशी उतरलेलीच नाहीं.

१८५८ सालीं डिकन्स पत्नीपासून विभक्त झाला आणि या स्नेहास ओहोटी लागली. १८४४ सालीं 'मार्टिन चझलविट' ज्यांस अर्पण केलें, ज्यांच्या खर्चानें त्याचा वडील मुलगा ईटन येथें शिकला, त्या बाईंनीं समेटाचा यत्न केला. १८६० च्या आरंभींच्या महिन्यांतील उत्तरांत डिकन्सनें तो नम्रपणें परंतु निश्चून नाकारिला. हें उत्तर उपलब्ध आहे. पत्रांस अग्नि दिला गेला तो त्याच वर्षीं.