पणजोबा कशाने गेले?

तुमच्या पणजोबांची भावंडं किती होती आणि त्यातली किती जगली, हे घरातल्या जुन्या माणसांना एकदा विचारून बघा. 'तापाने गेलं', 'देवी आल्या', 'पटकीत गेले' अशी उत्तरं मिळतील. 'हार्ट अटॅक' क्वचितच ऐकू येईल.

सरकारी दप्तरातही हेच दिसतं. इंग्रजी अमदानीत खेड्यातल्या मृत्यूची नोंद पाटील किंवा चौकीदार करत असे. डॉक्टर तिथे नसेच. पटकी, देवी, प्लेग, हगवण एवढं त्याला ओळखता येई. उरलेलं बहुतेक सगळं 'ताप' या रकान्यात. म्हणून वर्षानुवर्षं भारतातलं मृत्यूचं पहिलं कारण 'ताप' हेच! त्यात मलेरिया होता, टायफॉइड, न्यूमोनिया आणि क्षयही होता. 1918 च्या इन्फ्लुएंझाचे बळीसुद्धा मुख्यतः याच रकान्यात गेले. त्या साथीत आपल्याकडे एक कोटीहून जास्त माणसं दगावली. 1911 मध्ये 25.2 कोटी असलेली लोकसंख्या 1921 मध्ये 25.1 कोटी भरली.

स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ सगळे बत्तिशीत मरत असा नाही. तान्ही मुलं इतकी जात, की सरासरी खाली ओढली जाई. मलेरियाने वर्षाला सुमारे 8 लाख मृत्यू होत असा अंदाज होता. 1953 पासून डीडीटीची फवारणी देशभर सुरू झाली आणि काही वर्षांतच हा आकडा कोसळला. देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला.

पुढे चित्र उलटलं. 1990 मध्ये हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग अशा असंसर्गजन्य आजारांचा एकूण मृत्यूंतला वाटा 37.9 टक्के होता, 2016 मध्ये तो 61.8 टक्के झाला. आता पहिला क्रमांक हृदयविकाराचा. 'पूर्वी लोक निरोगी होते' असं पेशंट मला अनेकदा ऐकवतात. मला ते पटत नाही. हृदयविकार व्हायला बहुधा पन्नाशी गाठावी लागते, आणि ती पूर्वी फार थोड्यांच्या वाट्याला येई. अर्थात तंबाखू, रक्तदाब आणि बैठं काम यांचा दोष त्यामुळे कमी होत नाही. क्षयही गेलेला नाही. आजही तो दरवर्षी तीन लाखांच्या आसपास बळी घेतो.

आणि 'ताप' हा रकाना तरी संपलाय का? 2020 मध्ये नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांनाच डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांसाठी घरच्यांना लक्षणं विचारून अंदाज बांधावा लागतो. देशभरात दहा लाख मृत्यूंचा असा अभ्यास झाला आहे. प्रमाणपत्रावरही 'हृदय बंद पडल्याने' असं लिहिलेलं दिसतं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, ते कारण नव्हे! घरी कोणी गेलं, तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना 4अ भरून घ्या. 1969 च्या कायद्यानुसार त्याला फी नाही. त्यांना मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, जुना क्षय, जे असेल ते सांगा.